पांढरीतली हाडं आणि माणदेशाचा प्रश्न

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जुन्या माणसांनी मागे ठेवलेल्या वस्तूंना तोटा नाही. कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात लेणी आहेत. दूर मध्य भारतात भरहुतच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत कऱ्हाडकरही होते, तसा तिथे लेखच आहे. वाई तालुक्यात किकलीच्या भैरवनाथ मंदिराच्या आवारात वीरगळ ओळीनं उभे आहेत. माणूस कशानं मेला हे वीरगळ सांगतो: खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवाची पूजा. पण हाच माणूस मरेपर्यंत जगला कसा, पोटभर जेवत होता का, त्याची दाढ ठणकत होती का, लहानपणी कुठल्या दुखण्यातून उठला होता, यातलं काही त्या दगडावर नाही. हे सांगायला हाडं लागतात, आणि अभ्यासाला पुरतील इतकी जुनी हाडं या दोन जिल्ह्यांतून अजून हाती आलेली नाहीत.

कारण उघड आहे. जिथे माणसं प्रेतं जाळतात तिथे पुढच्यांच्या हाती राखच लागते. शिवाय माती. महाबळेश्वर, पाटण, कोयनेच्या पट्ट्यात जांभ्याची आम्लधर्मी माती आणि धो धो पाऊस. तिथे हाड काही शतकांतच विरघळून जातं. उलट पूर्वेकडे, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर आणि माती चुनखडीची. हाडं टिकायला ही जागा चांगली. पण इथल्या जुन्या पांढरींची, म्हणजे उठून गेलेल्या गावांच्या टेकाडांची, वेगळीच रड. पांढरीची राखट माती पाणी खाली झिरपू देत नाही म्हणून ती माळवदावर घालायला नेली, शेताला खत म्हणून नेली. गाड्या भरभरून नेली. तिच्याबरोबर काय काय गेलं याची कुणी नोंद ठेवली नाही.

त्यामुळे साताऱ्या-सांगलीच्या माणसाला आपल्या फार जुन्या पूर्वजांच्या तब्येतीची चौकशी करायची तर जरा उत्तरेला जावं लागतं: पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला. आणि हे तसं परक्याच्या दारात जाणं नव्हे. घोड भीमेला मिळते. माण तालुक्यात उगम पावून म्हसवड, आटपाडीवरून वाहणारी माणगंगाही पुढे भीमेलाच मिळते. दोन्हीकडचा पाऊस तसाच लहरी, तीच पर्जन्यछायेतली माळरानं, तीच मेंढरं. इनामगावचे लोक जगले कसे या प्रश्नाचं उत्तर माणदेशाला थोडंफार तरी लागू पडावं.

इनामगावचं उत्खनन डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. सिंधू संस्कृतीची मोठी शहरं ओस पडल्यानंतर दख्खनमध्ये जी शेतकरी गावं वसली, त्यातलं हे एक. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं इथे वस्ती होती आणि अभ्यासक तिचे तीन टप्पे पाडतात: माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे. पूर्व जोर्वे काळात चौकोनी, ऐसपैस घरं आहेत, नदीचं पाणी वळवणारा पाट आणि बांध आहे, धान्याचं कोठार आहे. मुख्य पीक सातू. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, हुलगा. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र पालटतं. घरं लहान आणि गोल होतात, मडक्यांची घडण ढासळते, शिकारीची हाडं वाढतात, शेळ्या-मेंढ्यांचं महत्त्व वाढतं. पुढे तीनशे वर्षांत गाव उठून जातं.

या गावानं अभ्यासकांना दिलेली सगळ्यात मोठी देणगी म्हणजे दोनशेहून अधिक दफनं, आणि तीही घरातली. मेलेलं माणूस गावाबाहेर न नेता राहत्या घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरायचं, अशी तिथली रीत होती. प्रौढांना खड्ड्यात उताणं, डोकं उत्तरेला करून झोपवत. घोट्याखालची पावलं मात्र तोडलेली. मेलेला माणूस उठून भटकू नये म्हणून असं केलं असावं, असं उत्खनकांचं मत. लहान मुलांची पावलं शाबूत ठेवत. त्यांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, आडवं ठेवत. अशी लहान मुलांचीच दफनं जास्त आहेत, आणि पुढचा सगळा वाद या बाळांवरूनच आहे.

सांगाड्यांकडे आरोग्याच्या दृष्टीनं पाहण्याची परंपरा आपल्याकडे तशी जुनी. इरावती कर्वे यांचं नाव आपण ‘युगान्त’शी जोडतो, पण १९४० च्या दशकात गुजरातेत लांघणजला सांकलियांनी सूक्ष्मास्त्रं वापरणाऱ्या लोकांची वस्ती खणली तेव्हा तिथल्या सांगाड्यांवरचा पहिला अहवाल कर्वे आणि शरीररचनाशास्त्रज्ञ कुरुलकर यांनी लिहिला. त्या काळचा रोख मात्र कवटीची लांबी-रुंदी मोजून ‘वंश’ ठरवण्यावर होता. त्यातलं फारसं काही आज उरलेलं नाही, आणि उरलं नाही ते बरंच झालं. कॉर्नेल विद्यापीठाचे केनेथ केनेडी, डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे, ओरेगॉन विद्यापीठाचे जॉन ल्युकाक्स यांच्या पिढीनं प्रश्न बदलला: हा माणूस कोण होता यापेक्षा याचं कसं चाललं होतं, हे बघायला सुरुवात झाली. १९८६ मध्ये ल्युकाक्स आणि वाळिंबे यांनी इनामगावच्या मानवी अवशेषांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. आज हेच काम वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आणि त्यांचे सहकारी पुढे नेताहेत.

आता दातांकडे येऊ, कारण या सगळ्या शास्त्रात दात हा सर्वांत भरवशाचा साक्षीदार. हाड आयुष्यभर झिजतं, भरतं, बदलत राहतं. दाताचं लुकण, म्हणजे वरचं कडक आवरण, एकदा तयार झालं की पुन्हा बदलत नाही. ते तयार होत असताना मूल आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं, तर त्या दिवसांत लुकणाचा थर पातळ पडतो आणि दातावर आडवी रेघ किंवा खळगा राहतो. कुठल्या दाताचा कुठला भाग कितव्या महिन्यात तयार होतो हे ठाऊक असल्यानं त्या रेघेवरून आजारपणाचं वय काढता येतं.

इनामगावच्या बाळांच्या दुधाच्या सुळ्यांवर अशी एक खूण वारंवार दिसते. सुळ्याच्या बाहेरच्या, ओठाकडच्या बाजूला एक छोटा गोल खळगा. टाचणीच्या डोक्याएवढा किंवा थोडा मोठा. हा सुळा आईच्या पोटात असतानाच घडू लागतो आणि जन्मानंतर काही महिन्यांत पुरा होतो. त्या वयात जबड्याचं हाड पातळ राहिलं तर वाढता सुळा हिरडीखाली नुसत्या मांसाच्या आधारानं उरतो आणि साध्या दाबानंही त्याच्या लुकणाला धक्का बसतो. हाड पातळ राहण्यामागे आईच्या आणि बाळाच्या आहारातल्या उणिवा असाव्यात, जीवनसत्त्व ‘अ’ आणि कॅल्शियमची कमतरता यांच्याकडे बोट दाखवलं जातं. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी घोडकाठच्या एखाद्या गर्भारणीच्या ताटात काय नव्हतं, याचा अंदाज तिच्या बाळाच्या सुळ्यावरून बांधता येतो.

ल्युकाक्स आणि वाळिंबे यांनी १९९८ मध्ये ही खूण दख्खनच्या अनेक ताम्रपाषाणयुगीन गावांच्या दातांत मोजली. काढलेला निष्कर्ष रूढ समजुतीच्या उलट होता. इनामगावात पूर्व जोर्वेच्या, म्हणजे भरल्या कोठारांच्या काळातल्या बाळांत हे खळगे जास्त आढळले; उत्तर जोर्वेच्या, म्हणजे गाव ढासळू लागल्याच्या काळात ते कमी झाले. त्यांनी अर्थ असा लावला: शेतीवर भर कमी झाला, शिकार, मेंढरं, रानातलं कंदमूळ यांच्यावर भर आला, आहारात विविधता आली आणि आयांची, बाळांची प्रकृती सुधारली. सातूची पेज खाऊन एका जागी राहण्यापेक्षा मेंढरांमागे फिरणं अंगाला मानवलं.

माणदेशच्या माणसाला हे ऐकून बरं वाटेल. दुष्काळात मेंढरं घेऊन देशोधडीला लागणाऱ्या धनगराकडे आपण ‘बिचारा’ म्हणून पाहतो. इथे तर दात सांगत होते की त्याचं पोरगं बागाईतदाराच्या पोरापेक्षा बळकट असू शकतं.

पण गोष्ट इथे संपली नाही. ल्युकाक्स ज्या ओरेगॉन विद्यापीठात शिकवत, तिथेच ग्वेन रॉबिन्स शुग यांनी डॉक्टरेट केली, आणि तीही दख्खनच्या याच बाळांवर: नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव. त्यांनी दातांऐवजी मांडीचं हाड घेतलं. बाळाचं वय दातांच्या वाढीवरून ठरवायचं आणि त्या वयाला मांडीचं हाड किती लांब, किती जाड असायला हवं होतं ते पाहायचं. हाडाचा आडवा छेद घेतला की बाहेरचा घट्ट भाग आणि आतली पोकळी दिसते. अंगावर वजन असेल तर घट्ट भाग जाड राहतो. उपासमार झाली की शरीर तो आतून खरवडून खातं. उत्तर जोर्वे काळातल्या इनामगावच्या बाळांची हाडं अशी खरवडलेली आहेत. रॉबिन्स शुग यांच्या हिशेबानं या काळात जन्म बरेच होते, बालमृत्यूही बरेच होते आणि जी बाळं मेली ती हाडांचा सापळा होऊन मेली. सुबत्तेच्या काळात बाळं तुलनेनं बरी होती. फरफट झाली ती नंतर.

२०११ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकानं आणखी एका गृहीतकाला हात घातला. ढवळीकरांनी उत्तर जोर्वेची घसरण पाऊस कमी झाल्यामुळे झाली असं मांडलं होतं आणि ते शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचलं होतं. रॉबिन्स शुग म्हणतात, हवामानाचे नवे पुरावे पाहता तेव्हा पावसात असा एकाएकी बिघाड दिसत नाही. प्रदेश आधीपासूनच निमकोरडा होता. बिघडलं ते माणसांचं जमिनीशी वागणं, वाढती तोंडं आणि दमलेली शेतं.

म्हणजे एकाच गावाची बाळं आणि परस्परविरोधी दोन निकाल. कुणाचं खरं मानायचं? मला विचाराल तर दोघांच्या मोजमापात चूक शोधण्याआधी या पुराव्याचा स्वभाव समजून घेणं बरं. सुळ्यावरचा खळगा गर्भारपण आणि पहिले काही महिने यांच्याविषयी बोलतो. मांडीच्या हाडाचा पातळपणा मरणाआधीच्या महिन्यांविषयी बोलतो. एखाद्या समाजात आया बऱ्या असतील, बाळं बऱ्या वजनाची जन्मत असतील आणि दूध सुटताना, वरचं अन्न सुरू होताना ती कोसळत असतील. मग दोन्ही निकाल एकाच वेळी खरे ठरतात. ल्युकाक्स आईचा हिशेब देताहेत, रॉबिन्स शुग बाळाच्या शेवटच्या हंगामाचा.

आणि या शास्त्राला एक मूळ अडचण आहे. १९९२ मध्ये जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी ती रोखठोक मांडली. हाडावर खूण उमटायला वेळ लागतो. आजार आला आणि आठ दिवसांत माणूस गेला तर हाड स्वच्छ राहतं. खूण त्याच्याच हाडावर उमटते, जो आजाराशी झगडत काही महिने, काही वर्षं टिकला. तेव्हा ज्या दफनभूमीत डागाळलेले सांगाडे जास्त, ती माणसं जास्त आजारी होती की जास्त चिवट? शिवाय आपल्यासमोर आलेली सगळी बाळं मेलेली आहेत. जी जगली, वाढली, ज्यांनी शेतं नांगरली, त्यांच्या लहानपणाची हाडं आपल्याला कधीच मिळणार नाहीत. मेलेल्यांवरून जिवंतांची तब्येत ठरवताना सावध राहायला हवं, ते यासाठी.

हा वाद केवळ पंडिती वाटत असेल तर शिरूरच्या आसपासच्या आजच्या खेड्यांकडे बघा. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं, चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकारानं, १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं. त्या तुलनेत इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. ही बाळं हाडा-मांसानं बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र राखून असलेली. अशी बाळं मोठेपणी मधुमेहाकडे झुकतात, हा त्यातून पुढे आलेला मुद्दा जगभर गाजला. आईचं पोट आणि बाळाचं हाड यांच्यातला धागा तीन हजार वर्षं तुटलेला नाही. इनामगावच्या बाळांविषयी आपण जे तर्क करतो, ते या खेड्यांत तराजू आणि मोजपट्टी घेऊन तपासता येतात. आणि हे तपासण्याची खटपट ल्युकाक्स, वाळिंबे यांनीही केली: पश्चिम भारतातल्या हयात मुलांचे दात पाहून त्यांनी पुरातन दातांशी ताडून पाहिलं.

मोठ्या माणसांच्या हाडांत कष्ट दिसतात. इथे मात्र अभ्यासकांचा उत्साह जरा आवरावा लागतो. स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथे उंचवटा येतो, त्यावरून ‘हा धनुर्धर’, ‘ही दळणारी’ असं सांगून टाकण्याची एके काळी हौस होती. आता कळलंय की हे उंचवटे वयानं आणि शरीराच्या आकारानंही वाढतात. पण काही खुणा पक्क्या आहेत. सीरियातल्या अबू हुरैरा या गावच्या सांगाड्यांवर थेया मोलेसन यांनी दाखवलं की बायकांच्या पायाच्या अंगठ्याचे सांधे, गुडघे आणि कंबर एका ठरावीक पद्धतीनं झिजले होते. गुडघे टेकून, पायाची बोटं मागे रोवून, पुढे-मागे झोके घेत दगडावर धान्य रगडल्याची ती झीज होती. आपल्याकडेही गोल जातं यायच्या आधी हेच चालायचं. इनामगावला मिळालेले दगड खोलगट पाट्यासारखे आहेत, वरून दगडानं रगडायचे. या दगडाची कच पिठात उतरते आणि ती खाऊन खाऊन दाढांचे कंगोरे सपाट होतात. भाकरीत दाताखाली कचकन आलेली वाळू आपण थुंकून टाकतो. त्यांचं रोजचं पीठच तसं होतं.

तसाच उकिडवं बसण्याचा पुरावा. जो समाज खुर्चीत न बसता चुलीपुढे, शेतात, परसात उकिडवा बसतो, त्याच्या नडगीच्या खालच्या टोकाला, घोट्याच्या हाडापाशी, एक जास्तीचा गुळगुळीत पैलू तयार होतो. भारतीय सांगाड्यांत तो सर्रास आढळतो. पुढच्या शतकातल्या कुणी साताऱ्या-सांगलीच्या दोन पिढ्यांचे घोटे शेजारी ठेवून पाहिले तर गॅसचा ओटा आणि कमोड कधी आले हे त्याला सांगता यावं.

दात किडणं हा शेतीबरोबर आलेला त्रास. गंगेच्या खोऱ्यातल्या महादहा, दमदमा इथली मध्याश्मयुगीन शिकारी माणसं उंचीपुरी होती आणि त्यांच्या दाढा जवळजवळ न किडलेल्या. शिजवलेलं, चिकट, पिष्टमय अन्न सुरू झालं की कीड वाढते, आणि ती बायकांत जास्त वाढते. याचं खापर बायका चुलीपाशी बसून खात राहतात यावर फोडलं जाई. ल्युकाक्स यांनी २००८ मध्ये वेगळं मांडलं: शेतीबरोबर बाळंतपणं वाढली, गर्भारपणातल्या बदलांनी लाळ बदलते, तोंडाचं संरक्षण कमी होतं. ‘एकेका बाळापायी एकेक दात जातो’ असं म्हणणाऱ्या आजीबाईंना दात जातो हे बरोबर दिसलं होतं, फक्त बाळ दातातलं कॅल्शियम ओढतं हे त्यांचं कारण चुकीचं होतं. दातावर इलाज करण्याचे प्रयत्नही फार जुने. बलुचिस्तानातल्या मेहरगढला नऊ माणसांच्या अकरा दाढांत जिवंतपणीच गारगोटीच्या टोकानं पाडलेली भोकं मिळाली आहेत, साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची. मण्यांना भोकं पाडणाऱ्या कारागिरांचंच ते हत्यार असावं. दुखणं थांबलं का, ते हाडं सांगत नाहीत.

रोगांपैकी हाडात मुक्काम करतात ते क्षय आणि महारोग. मिरजेत शंभर वर्षांहून अधिक काळ रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय चालतं आहे. तिथल्या डॉक्टरांनी नाकाचं हाड बसलेलं, टाळू झिजलेला, बोटं आखडलेली, हे नेहमी पाहिलेलं. डेन्मार्कमध्ये मोलर-क्रिस्टेन्सन यांनी एका मध्ययुगीन कुष्ठालयाच्या दफनभूमीतल्या सांगाड्यांवरून याच खुणा शास्त्रात नोंदवल्या. त्याच खुणा राजस्थानात उदयपूरजवळच्या बालाथळच्या एका सांगाड्यावर आढळल्या. चाळिशीच्या आसपासचा पुरुष, चार हजार वर्षांपूर्वीचा, दगडी भिंतीच्या आवारात गोवऱ्यांच्या राखेत पुरलेला. २००९ मध्ये रॉबिन्स शुग, मुश्रीफ-त्रिपाठी, वि. ना. मिश्र आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. महारोगाचा सांगाड्यातला हा जगातल्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक. त्या माणसाला गावानं कसं वागवलं हे कळत नाही, पण त्याला कुठे तरी टाकून दिलं नाही हे दफनाच्या जागेवरून दिसतं.

पण ज्यानं माणसं खरोखर मोठ्या संख्येनं नेली ते हाडात दिसत नाही. पटकी, हगवण, मलेरिया, बाळंतपणातला रक्तस्राव, विंचू-साप यांची खूण राहत नाही. १८९६ नंतर प्लेगनं या जिल्ह्यांतल्या गावांना माळावर झोपड्या टाकून राहायला लावलं. त्या वर्षांतल्या सांगाड्यावर काही सापडणार नाही. युरोपात आता दाताच्या गाभ्यातून प्लेगच्या जंतूचा डीएनए काढतात. आपल्याकडे उष्णता आणि ओल मिळून डीएनएची वाट लावतात. हरियाणातल्या राखीगढीला साठाहून अधिक नमुने तपासले, तेव्हा कुठे एका बाईचा वाचण्याजोगा डीएनए हाती आला. वसंत शिंदे यांच्या चमूनं २०१९ मध्ये तो जाहीर केल्यावर त्या एकीच्या जोरावर आपल्याकडे किती तोंडाच्या वाफा दवडल्या गेल्या, ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

हाडांवर कथा रचण्याचा हा छंद नवा नव्हे. मोहेंजोदडोच्या रस्त्यावर पडलेल्या सांगाड्यांवरून मॉर्टिमर व्हीलर यांनी आर्यांनी केलेल्या कत्तलीचा देखावा उभा केला; जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये तो मोडून काढला आणि पुढे केनेडी यांनी हाडं तपासली तेव्हा कत्तलीच्या जखमा जवळपास नव्हत्याच. उत्तराखंडातल्या रूपकुंडच्या सांगाड्यांना दंतकथेनं एका राजाची यात्रा आणि एका रात्रीची गारपीट दिली होती. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांचा सहभाग असलेल्या २०१९ च्या संशोधनात ३८ जणांचा डीएनए आला, आणि निघालं असं की ती माणसं हजार वर्षांच्या अंतरानं, वेगवेगळ्या प्रसंगी तिथे मेली. त्यातली चौदा तर भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याच्या रक्ताची, सुमारे इसवी सन १८०० ची.

इनामगावातही असा मोह होतो. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात चाळिशीचा एक पुरुष बसवलेला मिळाला. पावलं शाबूत. तो गावचा मुखिया असावा, असं ढवळीकर म्हणत. आज जत-मिरजेकडे लिंगायत माणसाला बसवून पुरतात, आणि महाराष्ट्रात बहुतेक जातींत दात न आलेलं बाळ जाळत नाहीत, पुरतात. ही तीन टोकं गाठ मारून परंपरा जुळवायला कुणाचाही हात शिवशिवेल. मध्ये अडीच हजारांहून अधिक वर्षांची पोकळी आहे आणि तिच्यात या भागातलं अभ्यासाला पुरेल असं एकही हाड नाही. म्हणून ती गाठ आज तरी मारता येत नाही. विदर्भात माहुरझरी, नायकुंडच्या शिळावर्तुळांखाली माणसं पुरलेली आहेत, घोडेही. पण तिथली मानवी हाडं बहुधा तुकड्यांत, विस्कटलेली. त्यांच्यावरून इतकं बारकाईनं बोलता येत नाही.

साताऱ्या-सांगलीपुरता मला खुणावणारा प्रश्न भाकरीचा आहे. गहू, सातू, भात आणि हुलगे एका पद्धतीनं सूर्यप्रकाश वापरतात. ज्वारी, बाजरी दुसऱ्या. त्यांच्यातल्या कार्बनचं गुणोत्तर वेगळं असतं आणि ते खाणाऱ्याच्या दाता-हाडांत ठरावीक फरकानं उतरतं. माणदेशानं सातू कधी सोडला आणि ज्वारी कधी धरली, हे त्यामुळे दातांवरून सांगता येईल. इथल्या कोरडवाहू शेतीची सगळी कहाणी त्या बदलाभोवती फिरते. आज त्या बदलाविषयी आपण मडक्यांवरून आणि जळक्या दाण्यांवरून बोलतो. ते दाणे गावात होते एवढंच सांगतात. कुणाच्या पोटात किती गेले, बाप्याच्या किती आणि बाईच्या किती, हे सांगत नाहीत.

त्यासाठी कुणी मोठं उत्खनन काढायची वाट पाहायला नको. विहीर, शेततळं, कॅनॉलची चारी, घराचा पाया खणताना पांढरीतून कुंभ आणि हाडं निघतच असतात. गावात मग पहिल्यांदा पोलीस पाटील येतात, पंचनामा होतो, हाडं गोणीत जातात. खून नाही एवढं कळलं की प्रकरण मिटतं. कऱ्हाड आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले शरीररचनाशास्त्राचे विभाग आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज फोनवर मिळण्याइतके जवळ आहेत. कुंभ सापडला तर तो रिकामा करू नये, आतली माती बाळाच्या हाडांसकट तशीच राहू द्यावी. फार बारीक दात त्या मातीतच असतात. हाडं धुऊ नयेत, उन्हात वाळवू नयेत, दातांना उघड्या हातानं स्पर्श करू नये. आणि जागेचे फोटो काढताना शेजारी एखादी मोजपट्टी, नसेल तर पेन तरी ठेवावं.